लोणी, चेटूक आणि रोवनची काडी

आठ दिवसांची साय साठवली आहे, विरजण नीट लागलं आहे, रवी फिरवून फिरवून हात भरून आले आहेत. फेस वर येतो, पण लोणी काही धरत नाही. आपल्या घरांतून अशा वेळी उन्हाळ्यात बर्फाचे खडे पडतात, थंडीत कोमट पाणी. असं का करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, पण उपाय हाताला ठाऊक असतो.

चारशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शेतकरणीवरही हीच वेळ यायची. तिचं निदान मात्र निराळं होतं. लोणी येत नाही, त्या अर्थी कुणीतरी ते चेटकाने ओढून नेलं! मग ती रोवन नावाच्या झाडाची काडी आणायची, तिला लाल दोरा गुंडाळायची आणि घुसळणीच्या पिंपाला बांधायची. थोड्या वेळाने, पुष्कळदा, लोणी यायचंही.

हेच रोवन आज जगभरच्या मुलांना वेगळ्याच वाटेने भेटतं. हॅरी पॉटरच्या जगात जादूच्या छड्या कोणकोणत्या लाकडांच्या असतात याविषयी जे. के. रोलिंग यांनी सविस्तर लिहिलं आहे. त्यात सगळ्यात जास्त संरक्षण देणारी म्हणून ख्याती आहे ती रोवनच्या छडीची. ही ख्याती त्यांनी मनाने रचलेली नाही. ब्रिटिश बेटांवर आणि स्कँडिनेव्हियात ती शतकानुशतकं चालत आली आहे. प्रश्न असे पडतात की, ओकसारखी भक्कम आणि यूसारखी दीर्घायुषी झाडं सोडून लोकांनी हे मध्यम चणीचं झाड का निवडलं? आणि काडी बांधल्याने गुण येतो, असं पिढ्यानपिढ्या त्यांना का वाटत राहिलं?

चौकट: रोवनची ओळख

- शास्त्रीय नाव सॉर्बस ऑक्युपारिया. गुलाबाच्या कुळातलं, म्हणजे सफरचंद आणि नाशपातीच्या नात्यातलं झाड.
- उंची साधारण ५ ते १५ मीटर. एकेका देठावर दातेरी पर्णिकांच्या समोरासमोर जोड्या आणि टोकाला एकटी पर्णिका.
- मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे झुबके. ऑगस्टपासून नारिंगी-लाल फळांचे घोस. एक फळ जेमतेम ८ मिलिमीटरचं.
- कच्ची फळं कडवट-तुरट, खाल्ली तर पोट बिघडवणारी. शिजवून त्यांची जेली करतात आणि हरणाच्या मांसाबरोबर तोंडी लावतात.
- सह्याद्रीत हे झाड नाही. त्याची भावकी मात्र हिमालयात आहे. काश्मीरमधल्या एका जातीला पांढरी फळं येतात.

राखण होती ती दुभत्याची

‘संरक्षण देणारं लाकूड’ म्हटलं की डोळ्यांपुढे राक्षस आणि तलवारी येतात. रोवनची खरी कामगिरी गोठ्यात होती.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीन कस नसलेली, उन्हाळा आखूड. कुटुंबाचा जीव गुरांवर. थंडीभर गुरं गोठ्यात अर्धपोटी उभी असायची. मे महिना उजाडला की त्यांना बाहेर काढायचं आणि पुढे डोंगरावरच्या उन्हाळी कुरणात न्यायचं. तिथल्या झोपड्यांत बायका आणि मुलं राहायची, धारा काढायची, लोणी आणि चीज करायची. काही ठिकाणी जमीनदाराचा खंडही त्यातूनच फेडला जायचा. म्हणजे मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत दुभतं आटलं तर पुढचं वर्षच कोरडं.

आणि दगाफटका व्हायचा तो नेमका याच दिवसांत. नवं गवत पोटाला सोसायचं नाही. कासदाह झाला की दूध फाटायचं, कधी त्यात रक्त दिसायचं. कुरणातल्या गोचिडांमधून गुरांना एक ताप यायचा, त्यात जनावराची लघवी लाल व्हायची. कालपर्यंत भरभरून दूध देणारी गाय आज पान्हा चोरते, याचं कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. जंतूंमुळे रोग होतात हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारीण मात्र दिसत होती.

म्हणून राखणीचे विधीही मे महिन्याच्या तोंडावर एकवटलेले दिसतात. १ मे हा बेल्टेनचा सण. त्या सुमाराला गोठ्याच्या दारावर रोवनच्या फांद्या लावत, गाईच्या शेपटीत काडी बांधत. स्पे नदीच्या खोऱ्यात मेंढ्या आणि कोकरं रोवनच्या कड्यातून पार करवत. मॅन बेटावरची रीत तर फार नेटकी होती. आदल्या संध्याकाळी दोन डहाळ्या हातानेच मोडायच्या, सुरी लावायची नाही. त्यांचा फुलीसारखा क्रूस करायचा आणि कुंपणाला अडकून राहिलेली मेंढीची लोकर गोळा करून त्याने तो बांधायचा. एक क्रूस दाराच्या आतल्या बाजूला, एक गाईच्या शेपटीला. वर्षभराने जुना काढून नवा लावायचा.

घोडेवाल्यांचा भरवसाही याच लाकडावर. उत्तर इंग्लंडमध्ये घोडा रस्त्यात अडून बसला, तर त्याला कुणीतरी भारलं आहे असं समजत आणि त्यावर उतारा म्हणून रोवनच्या दांड्याचा चाबूक बाळगत. हाताशी असलेली, बळ अंगी असलेली आणि रोखून धरता येणारी काठी! जादूच्या छडीचं हे अगदी रोजच्या वापरातलं रूप.

हेच झाड का?

यामागे एक कारण नाही, चार कारणं एकमेकांत गुंतली आहेत.

पहिलं कारण, झाडाचं उगवणं. रोवनची फळं पक्ष्यांना अतिशय आवडतात. पूर्वी पारधी पक्षी पकडायला हीच फळं आमिष म्हणून वापरत. पक्षी गर पचवतो आणि बी विष्ठेतून टाकून देतो. ते कुठेही पडतं. कड्याच्या फटीत, भिंतीच्या सांध्यात, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात. थंडीचा गारठा मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, आणि गारठ्याला तिथे तोटा नाही. स्कॉटलंडमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीपर्यंत, जिथे इतर झाडांनी हार मानलेली असते, तिथे उघड्या कातळावर एखादं रोवन उभं दिसतं. ज्या जागी काहीच जगू नये तिथे जगणाऱ्या झाडात काहीतरी बळ आहे, असं पाहणाऱ्याला वाटणं साहजिक आहे.

त्यातही दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेल्या रोवनचा मान फार मोठा. हे बांडगूळ नव्हे. ते यजमान झाडाचा रस ओढत नाही, बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्याच्या मातीवर जगतं. स्कँडिनेव्हियात त्याला ‘उडतं रोवन’ म्हणत. त्याची मुळं जमिनीला लागलेली नसल्यामुळे जमिनीवरच्या दुष्ट शक्तीचा त्याच्यावर अंमल चालत नाही, अशी समजूत होती. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसोनने नॉर्स देवांच्या कथा लिहून ठेवल्या. त्यांतल्या एका कथेत थॉर देव विमुर नदी ओलांडताना पुरात सापडतो. पाणी खांद्यापर्यंत चढतं, तेव्हा काठावरचं रोवन हाताला लागतं आणि तो वाचतो. दगडाच्या फटीत मुळं घट्ट रोवून उभं राहणारं झाड ज्याने पाहिलं आहे, त्याला या कथेत नवल वाटणार नाही.

दुसरं कारण रंग. पानं गळायच्या बेताला येतात तेव्हा डोंगरउतारावर लालभडक घोस मैलावरून दिसतात. स्कॉटलंडचे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० मध्ये आलेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात जादूचे दोन नियम मांडले. एक, सारख्यावर सारख्याचा परिणाम होतो. दोन, एकदा जोडलेल्या गोष्टी तुटल्यावरही एकमेकींवर परिणाम करत राहतात. हे निसर्गाचे नियम नव्हेत, माणसाच्या मनाचे आहेत. पण रोवनला ते तंतोतंत लागू पडतात. दुधात रक्त, लघवीत लाल, म्हणून उताराही लाल फळाच्या झाडाचा, तोही लाल दोऱ्यात. आणि डहाळी झाडापासून मोडली तरी झाडाचं बळ तिच्यात राहतं. हा दुसरा नियम नसता तर छडी, ताईत, गंडा यांतलं काहीच संभवलं नसतं.

तिसरं कारण पुस्तकांत फार आवडीने सांगतात. रोवनचं फळ उलटं धरून देठाच्या विरुद्ध टोकाकडे पाहिलं, तर तिथे पाच टोकांची इवलीशी चांदणी दिसते, आणि पंचकोनी तारा हे जुनं रक्षाचिन्ह. चांदणी खरी आहे. फुलाच्या पाच निदलांचे वाळलेले अवशेष फळावर तसेच राहतात. पण तशीच चांदणी सफरचंदाच्या बुडालाही असते आणि नाशपातीच्याही. नुसत्या चांदणीने संरक्षण मिळत असतं, तर सफरचंदाची काडी बांधूनही भागलं असतं. तेव्हा हे कारण मूळचं कमी आणि मागाहून जोडलेलं अधिक दिसतं.

चौथं कारण व्यवहाराचं. रोवनचं लाकूड कठीण आणि बारीक पोताचं. काठ्या, अवजारांच्या मुठी, चात्या यांना उत्तम. मोठ्या तुळया त्यातून निघत नाहीत. म्हणजे दाराशी लावलेलं झाड तोडायचा मोह कुणाला होणार नाही आणि काडी मात्र हवी तेव्हा मिळेल. विधीखेरीज रोवन तोडू नये, असा दंडकही अनेक ठिकाणी होता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावून लावलं, वस्त्या ओस पडल्या. त्या वस्त्यांची छपरं कधीच गेली. पण पडक्या भिंतींशेजारी, जिथे दार असावं तिथे, रोवन आजही आढळतं.

काडीने लोणी कसं यायचं?

लोणी येणं म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू. दुधातली चरबी अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात तरंगत असते आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण असतं. हे आवरण थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही. घुसळताना थेंब एकमेकांवर आपटतात, आवरणं फाटतात, चरबी चरबीला चिकटते आणि तिचे गोळे होऊ लागतात.

पण त्यासाठी थेंबातली चरबी अर्धी घट्ट, अर्धी पातळ असावी लागते. रव्याचे लाडू वळताना मिश्रण कोरडं पडलं तर लाडू फुटतो, सैल राहिलं तर बसतो; वळता येतो तो मधल्या थोड्या वेळातच. चरबीचंही तसंच आहे. फार गार सायीत ती इतकी कडक होते की थेंब नुसते आपटून परत फिरतात. फार गरम झाली की ती पूर्ण वितळते आणि गोळा धरत नाही. सायीसाठी साधारण १० ते १६ अंश सेल्सियस हा पट्टा सोयीचा. स्कॉटलंडमधल्या दगडी घरात वसंतातली सकाळ याहून बरीच गार असू शकते. शिवाय वेत संपत आलेल्या गाईच्या दुधातले चरबीचे थेंब लहान असतात आणि त्यांतून लोणी काढणं आणखी अवघड जातं. थर्मामीटर कुणाकडेही नव्हता.

आता शेतकरीण काय करते पाहा. तासभर दांडा वरखाली करून ती थकते. घुसळणं थांबवते, रोवनची काडी शोधायला जाते, दोरा बांधते, मंत्र पुटपुटते. तोवर चुलीजवळचं पिंप हळूहळू ऊब धरतं, वरचा फेसही बसतो. ती परत येते, पुन्हा घुसळते आणि लोणी येतं. या उपायाच्या जोडीला आणखी एक तोडगा ब्रिटनभर चालत असे: चेटकिणीला पोळवण्यासाठी तापून लाल झालेली सळई किंवा घोड्याचा नाल सायीत बुडवायचा. चेटकीण पोळो न पोळो, साय नक्कीच तापायची!

म्हणजे उपाय लागू पडायचा, कारण मात्र भलतंच धरलं जायचं. आणि लोणी आलंच नाही तर? तर चेटूक जबर आहे, काडी जुनी झाली आहे, दोऱ्याची गाठ सैल होती. गुण आला तर काडीमुळे, नाही आला तर काहीतरी चुकलं म्हणून. अशा समजुतीला खोटं ठरण्याची वेळ कधी येतच नाही. आजारी गाईंचंही असंच: बऱ्याचशा गाई आठ-पंधरा दिवसांत आपोआप सावरतात, आणि काडी तर पहिल्याच दिवशी बांधलेली असते.

ताईतच पुरावा ठरतो तेव्हा

इथवरची कहाणी गोड आहे. पण राखण म्हटली की शत्रूही आला. दुभतं कुणीतरी चोरतंय असं एकदा मानलं की त्या कुणाला तरी चेहरा लागतो. आणि तो बहुतेक वेळा गावातल्या एखाद्या बाईचा असतो.

स्कॉटलंडमध्ये १५६३ मध्ये चेटकाविरुद्ध कायदा झाला आणि १७३६ पर्यंत तो राहिला. या काळात सुमारे ३,८०० जणांवर आरोप ठेवले गेल्याच्या नोंदी आहेत. त्यांत पाचांपैकी चार जणी बायका होत्या. देहदंड झालेल्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १६६२ मध्ये ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने चौकशीत दिलेल्या जबानीत दूध चोरायची रीतही आहे: दोरी उलट्या पिळाची वळायची आणि गाईच्या मागच्या पायांमधून आत घालून पुढच्या पायांमधून बाहेर ओढायची, की दूध आलं आपल्याकडे. चौकशीच्या धाकाखाली दिलेली ही कबुली. पण लोकांना कशाची भीती वाटत होती, हे तीतून स्पष्ट दिसतं.

मग रोवनची काडी बाळगणारी बाई तरी सुरक्षित असेल? तेही नाही. राजा जेम्स सहावा याने १५९७ मध्ये चेटकावर पुस्तक लिहिलं, ‘डिमनॉलजी’. गुरांच्या शेपटीला रोवन बांधण्यासारखे भोळ्या बायकांचे तोडगे म्हणजे सैतानी विद्येचे प्राथमिक धडे, असा त्याचा सूर आहे. पुढे १६१८ मध्ये अर्विन गावात मार्गारेट बार्कलेवर खटला चालला. दिराचं जहाज चेटकाने बुडवल्याचा आरोप होता. तिच्याजवळ रोवनचा तुकडा आणि रंगीत दोरा सापडला. आपली गाय आटायला लागली तर तिने दूध द्यावं म्हणून तो ठेवला आहे, असं तिने सांगितलं. गावातल्या कितीतरी घरांत तसलाच तुकडा असणार. तिच्याबाबतीत मात्र तो चेटकाचा पुरावा मानला गेला. छळ करून कबुली घेतली आणि तिला मारलं. ८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी अशा सगळ्या बळींची संसदेत औपचारिक माफी मागितली.

गोठ्यातून छडीपर्यंत

आज रोवनच्या छड्या विकणारे ‘ड्रुइडांची हजारो वर्षांची विद्या’ असं सांगतात. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक समाजातले पुरोहित. आपली विद्या त्यांनी लिहून ठेवली नाही. वर्षाच्या तेरा महिन्यांना तेरा झाडं वाटून देणारं जे ‘केल्टिक वृक्ष-पंचांग’ सर्वत्र दिसतं, ते इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९४८ च्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकात मांडलं. अभ्यासक ते प्राचीन मानत नाहीत. रोलिंग यांनी पात्रांच्या छड्यांची लाकडं ठरवताना याच पंचांगाचा काही प्रमाणात आधार घेतला, असं स्वतःच सांगितलं आहे. लोण्याच्या पिंपाला बांधलेली काडी अशी कवीच्या कल्पनेतून फिरत कादंबरीतल्या छडीपर्यंत पोहोचली. वाटेत गोठा आणि गाय मागे पडली.

‘त्यामागे विज्ञान होतं’ का?

रोवनच्या बाबतीत हा दावा करायचा मोह फार होतो. कारण या झाडाने जगाला खरोखरच एक रक्षक दिला आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी १८५९ मध्ये रोवनच्या फळांतून काढलेल्या तेलापासून सॉर्बिक ॲसिड वेगळं केलं. त्याचा उपयोग कळायला आणखी ऐंशी वर्षं गेली. १९३९-४० च्या सुमाराला लक्षात आलं की ते बुरशी आणि यीस्टची वाढ रोखतं.

ते कसं? आंबट पदार्थात सॉर्बिक ॲसिडचे रेणू अखंड राहतात आणि बुरशीच्या पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतात. आतलं वातावरण कमी आंबट असल्याने तिथे ते फुटतात आणि पेशी आतून आम्लधर्मी होऊ लागते. ते आम्ल बाहेर फेकण्यातच पेशीची ताकद खर्च होते, वाढ थांबते. म्हणून जॅम, सॉस, चीज यांत ते उपयोगी. आपल्या दुकानातल्या सॉसच्या बाटलीवर किंवा चीजच्या पाकिटावर ‘आयएनएस २००’ किंवा ‘आयएनएस २०२’ असे आकडे असतात. पहिला सॉर्बिक ॲसिडचा, दुसरा त्याच्या पोटॅशियम क्षाराचा. आता ते कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवतात, रोवनचा त्यात संबंध उरलेला नाही.

मग स्कॉटलंडच्या आज्ज्यांना हे माहीत होतं म्हणायचं का? साधी तपासणी करू. वापर कोणत्या भागाचा? हॉफमन यांचं तेल फळातलं, आणि आज्ज्या बांधत होत्या डहाळी. तीही बहुधा १ मेच्या सुमाराला, जेव्हा झाडावर फळ नसतंच. वापर कसा? दाराच्या वर आणि शेपटीला. लोण्यात मिसळून नव्हे. आणि कशावर? कासदाहावर, गोचीडतापावर, शेजारणीच्या नजरेवर. यांतल्या एकावरही सॉर्बिक ॲसिड चालत नाही. तीनही उत्तरं जुळत नाहीत. झाड तेच, पण गुण आणि समज यांची गाठ पडलेली नाही.

याने त्या बायकांचं मोल कमी होत नाही. कुठे उगवतं, कधी लाल होतं, कोणत्या दिवसांत गुरं दगावतात, हे त्यांनी अचूक टिपलं होतं. पक्की निरीक्षणं आणि कच्चा निष्कर्ष, हा रोवनच्या साऱ्या लोकविद्येचा जमाखर्च. त्यांच्या निष्कर्षाला आजच्या रसायनशास्त्राचं प्रमाणपत्र चिकटवलं, तर निरीक्षणांचं श्रेयही झाकलं जातं आणि मार्गारेटचं काय झालं तेही. आपल्याकडे रोज सकाळी मोबाइलवर एखाद्या झाडाचं ‘प्राचीन विज्ञान’ येऊन पडतं. पुढे पाठवण्याआधी त्यालाही हेच तीन प्रश्न विचारावेत: कोणता भाग, कसा वापरला, आणि नेमका कशावर?